आजीचं गंगावन आणि माझा साडेअकरा हजारांचा टॉपर

भाचीच्या हळदीत ड्रोन होता. वरून फक्त देव बघतो अशी माझी आजवरची समजूत होती. व्हिडिओ आला तेव्हा घोळक्यात मला मी लगेच सापडले, कारण सगळ्या काळ्या डोक्यांत एकच भांग हमरस्त्यासारखा रुंद दिसत होता. वय त्रेपन्न, मुक्काम सांगली.

आधी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. हिमोग्लोबिन, फेरिटिन म्हणजे अंगातला लोहाचा साठा, थायरॉइड, सगळं तपासलं. फेरिटिन कमी निघालं, त्याच्या गोळ्या सुरू झाल्या, पण मूळ कारण आईकडून आलेलं. कपाळावरची रेषा जागेवर राहते आणि मधला भांग रुंदावत जातो, हा बायकांतला नेहमीचा प्रकार, असं त्यांनी सांगितलं. मिनॉक्सिडिल लावायला दिलं. हे मूळचं रक्तदाबाचं औषध. गोळ्या घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले तेव्हा लोकांनी ते डोक्याकडे वळवलं. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतील आणि पहिले काही आठवडे उलट जास्त गळतील, घाबरून बंद करू नका, असं आधीच बजावलं ते बरं झालं. नाहीतर तिसऱ्या आठवड्यात बाटली कचऱ्यात गेली असती.

पण दोन महिन्यांवर घरातलं आणखी एक लग्न होतं.

पहिला प्रयोग पावडरीचा. डबीतून भुरभुरवायची ती केराटिनची, म्हणजे केस ज्या प्रथिनाचे असतात त्याचीच, बारीक तुसं. ती स्थिर विजेने केसांनाच चिकटतात, म्हणजे जिथे थोडेतरी केस आहेत तिथेच त्यांचा उपयोग. केसांना अपाय काही नाही, शाम्पूने निघून जातात. एसी हॉलमध्ये बेस्ट. मी मात्र ती लावून मे महिन्यात दुपारी दत्ताच्या दर्शनाला औदुंबरला गेले. घामाचे काळे ओघळ कानामागून ब्लाउजच्या गळ्यापर्यंत आले होते.

दुसरा प्रयोग ऑनलाइन टॉपरचा, म्हणजे विरळ भांगावर क्लिपांनी बसवायच्या केसांच्या तुकड्याचा. बाराशे रुपयांचा. सिंथेटिक. रंग जत्रेतल्या बाहुलीच्या केसांसारखा काळाकुट्ट, आणि चमक अशी की डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी ओढल्यासारखं वाटावं. परत पाठवायला गेले तर म्हणे स्वच्छतेच्या कारणास्तव हा माल परत घेत नाही. तो आता नातीच्या भातुकलीत आहे.

मग पुण्याला गेले. लक्ष्मी रोडच्या मागच्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर छोटं दुकान आहे. पाटी अशी लावलीय की शोधणाऱ्यालाच दिसावी. तिथल्या बाईंनी आधी मला खिडकीपाशी उजेडात बसवलं आणि विचारलं, "ताई, चार-पाच वर्षांपूर्वीचा फोटो आहे का मोबाइलमध्ये?" फोटो बघून म्हणाल्या, "एवढेच करू. जास्त भरगच्च घेतलंत की लोकांची नजर तिथेच जाते." ग्राहकाला कमी माल घ्या म्हणणारी दुकानदार मी पहिल्यांदाच पाहिली.

घेतलेला टॉपर खऱ्या केसांचा. पाच इंच लांब, तीन इंच रुंद जाळी, त्यावर भांगाच्या जागी रेशमी पट्टी, खाली दाबून बंद होणाऱ्या चार टिकटॅक क्लिपा, आतून रबर लावलेल्या. तिरुपतीचे केस आहेत म्हणाल्या. तसं सगळेच म्हणतात. पण केसाची सालपटं एकाच दिशेने आहेत का हे बघायची युक्ती त्यांनीच शिकवली. मुळाकडून टोकाकडे बोट फिरवलं तर गुळगुळीत, उलट फिरवलं तर किंचित खरखरीत लागलं पाहिजे. दिशा उलटसुलट असेल तर चार धुण्यांत गुंता होतो. घरी येऊन पोह्यांच्या काट्यावर वजन केलं, ५८ ग्रॅम.

त्यांनी दुसरंही काहीतरी दाखवलं, गोंदाने महिनाभर चिकटवून ठेवायचं. ते मी घेतलं नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की मुळाशी सतत ताण राहिला तर आहेत ते केसही जातात, आणि वर्षानुवर्षं ओढले गेले तर तिथे परत येत नाहीत.

इथे मला आजी आठवली. ती विंचरून झाल्यावर गुंतवळ डब्यात साठवायची. थोडा केसांवर भांडी देणारी यायची तिला, थोडा स्वतःच्या गंगावनाला. सकाळी वेणीत गुंफलेलं गंगावन दिवेलागणीनंतर सुटून खुंटीला टांगलेलं असायचं. रात्री डोक्यावर काही नाही. टॉपरच्या बाईंनी मला जे नियम सांगितले ते हेच होते. सहा-सात तासांपेक्षा जास्त नको, झोपताना नको, ओल्या केसांवर तर अजिबात नको, कारण ओला केस लवकर ताणून तुटतो. क्लिप विरळ जागी लावायची नाही, आजूबाजूच्या दाट केसांत लावायची आणि रोज अर्धा इंच इकडेतिकडे सरकवायची.

आता तक्रारी. पहिली म्हणजे उकाडा. जाळी कितीही हवेशीर म्हणा, एप्रिलमध्ये बसस्टँडवर उभं राहिलं की टाळूला घमोळं येईल असं वाटतं. दुसरी, माझी मुळं दर तीन आठवड्यांनी पांढरी डोकावतात आणि टॉपर मात्र चिरतरुण. तिसरी, सूचनांचा कागद इंग्रजीत, तोही मुंगीच्या अक्षरांत. चौथ्या महिन्यात एक क्लिप सैल झाली. ती बदलून घ्यायला सांगली ते पुणे जाऊन येणं, क्लिपचे पन्नास आणि एसटीचे वेगळे. कुरिअरने पाठवू का विचारलं तर म्हणाल्या, डोक्यावर बसवून बघावी लागते. तारे द्यायचेच तर पाचपैकी साडेतीन. खिडकीपाशी बसवलं त्याचा अर्धा त्यातच धरलाय.

मात्र रोजच्या दिवसाला टॉपर लागतच नाही, हे मला आमच्या कोपऱ्यावरच्या पार्लरवालीने दाखवलं. चारशे रुपयांत. मी पाठीपर्यंतचे केस जपत बसले होते, खाली उंदराच्या शेपटासारखे. तिने खांद्यावर सरळ रेषेत कापले, लेयर्स नाहीत. लेयर्सने टोकं अजून विरळ दिसतात म्हणाली. भांग मधून काढून बाजूला नेला, तोही नागमोडी. धुतल्यावर मान खाली घालून मुळाशी कोमट वारा, शेवटी गार. केस ओला असताना ज्या आकारात वाळतो तो आकार पुढच्या धुण्यापर्यंत किंवा दमट हवेपर्यंत टिकतो. सांगलीच्या पावसाळ्यात म्हणजे दुपारपर्यंत. उलटं विंचरून फुगवायची माझी जुनी सवय तिने कंगवा हातातून काढून घेऊनच मोडली. तेलही न्हाण्याआधी, आणि टोकांना जास्त. आमच्या घरात खोबरेल तेलाला विरोध करण्याची कुणाची छाती नाही, आणि गरजही नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईच्या अभ्यासात धुण्यातून होणारी केसांतल्या प्रथिनांची झीज खोबरेल तेलाने कमी होते असं दिसलं होतं, सूर्यफुलाच्या तेलाने नाही. फक्त ते लावून कार्यक्रमाला जायचं नाही, केस टाळूला चिकटून भांग दुप्पट दिसतो.

लग्नाच्या दिवशी टॉपर लावला, वर मोगऱ्याचा गजरा माळला. गजऱ्याचं वजन खालच्या क्लिपवर येऊ नये म्हणून तो स्वतःच्या केसांत, वेगळ्या पिनेने. ड्रोन पुन्हा आलाच होता. या वेळी मी मान वर करून त्याच्याकडे बघितलं.

रात्री टॉपर स्टँडवर काढून ठेवला होता. आई, वय अठ्ठ्याहत्तर, बराच वेळ त्यावरून हात फिरवत बसली. मग हळूच डोक्यावर ठेवून आरशात पाहिलं, आणि म्हणाली, "पांढऱ्यात मिळतं का गं?"

दुकानात फोन करून विचारलं. मिळतं. चार हजार जास्त पडतील.