रेबीज रोखायचाय: लस कुत्र्याला की चावलेल्या माणसाला?

चावा झाल्यावर लस घेणं टळत नाही, हे आधीच सांगतो. लक्षणं दिसली की रेबीजवर जवळपास उपायच नाही. पण हिशेब मांडला तर हा मार्ग महाग पडतो. दंडातल्या इंजेक्शनांचे पाच डोस, ०, ३, ७, १४ आणि २८व्या दिवशी. जखम खोल असेल तर वर सीरमही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन), तेच सगळ्यात महाग. सरकारी दवाखान्यात लस फुकट असली तरी बुडालेली रोजंदारी कोण भरून देणार? आणि पुन्हा चावा झाला की पुन्हा खर्च, कारण आजार गल्लीतच असतो.

माणसांतला सुमारे ९९ टक्के रेबीज कुत्र्यांकडून येतो. ७० टक्के कुत्र्यांना दरवर्षी लस टोचली, की संसर्गाची साखळी तुटते. गोव्याने हेच केलं: जाळी घेऊन गल्लोगल्ली पथकं फिरली, २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित जाहीर झालं.

माझं मत कुत्र्यांना लस देण्याच्या बाजूने. मात्र एक वर्ष मोहीम चुकली, नवी पिल्लं आली, की टक्केवारी घसरते. म्हणून साखळी पक्की तुटेपर्यंत दवाखान्यातला माणसांच्या लसीचा साठा हलवू नये.