फिफ्थ अव्हेन्यू: रिसेप्शनला लावायचा, खिशाला परवडणारा परफ्यूम

रिसेप्शनला, नाटकाला जाताना लावायला फुलांचा परफ्यूम हवा, पण त्यापायी दहा हजार मोजायची तयारी नाही, अशा बायकांनी एलिझाबेथ आर्डेनचा 'फिफ्थ अव्हेन्यू' जरूर बघावा. १२५ मिलीची बाटली मला ऑनलाइन सेलमध्ये दोन हजारांच्या थोडी वर पडली. छापील किंमत बघून दचकू नका, सेलची वाट बघा.

परफ्यूम तसा जुना, १९९६ चा. माझी भाची त्याला सरळ 'काकूंचा परफ्यूम' म्हणते. म्हणू दे. तिचे स्वतःचे सगळे परफ्यूम कॅरमेल नाहीतर व्हॅनिला, बेकरीत शिरल्यासारखं वाटतं. यात तसला गोडवा नाही, फुलंच आहेत.

पहिला झोत लायलॅक आणि मॅग्नोलियाचा. ही काही आपल्या अंगणातली फुलं नव्हेत, त्यामुळे आधी भारी साबणासारखा वास वाटतो. दुकानात कागदाच्या पट्टीवर हुंगून लगेच नाक मुरडू नका. मनगटावर मारा आणि अर्धा तास बाकीची खरेदी करा. तोवर जाई आणि निशिगंध वर आलेले असतात. निशिगंध तर अगदी ओळखीचा, नवरानवरीच्या हारातला, नुकतं पाणी शिंपडलेला. शेवटी अंगावर उरतो तो चंदन-कस्तुरीचा मऊ, पावडरीकडे झुकणारा वास. एसी हॉलमध्ये फोटो, जेवण, निरोप सगळं उरकेपर्यंत तो सहज साथ देतो. मे महिन्यातल्या लोकलसाठी मात्र हा नव्हे. घामात निशिगंध डोक्यात जातो, आपल्याही आणि शेजारणीच्याही.

मोगऱ्याचा गजरा माळणार असाल, तर त्या दिवशी बाटलीला हात लावू नका. दोन्ही वास एकमेकांवर कुरघोडी करतात, आणि गजऱ्यापुढे कुठलाही परफ्यूम फिकाच. रेशमावर आणि जरीवर तर फवारा नकोच, डाग पडतात. साडी नेसायच्या आधी मानेमागे एकदा, मनगटावर एकदा, बास. वास जिरला की मग नेसायला घ्या.

बाटली न्यूयॉर्कच्या उंच इमारतीसारखी निमुळती. हा ब्रँड सुरू करणाऱ्या आर्डेनबाईंनी १९१० मध्ये तिथल्याच फिफ्थ अव्हेन्यू या रस्त्यावर आपलं सलून काढलं होतं, पुढे त्याचं लाल दार जगप्रसिद्ध झालं. बाटली दिसायला झोकदार, पण छोट्या पर्समध्ये मावायची नाही. आणि लेकीकडे अमेरिकेला निघाला असाल तर ती चेक-इनच्या बॅगेतच कपड्यांत गुंडाळून टाका. १०० मिलीच्या वरची बाटली हातातल्या बॅगेत सापडली की सिक्युरिटीवाले ठेवून घेतात.