गोबरगॅस बसवायचाय: ड्रम, घुमट की बॅग?

मामेभावाचा फोन आला, दोन म्हशी दोन गाई आहेत, गॅस बसवायचाय, कुठला घेऊ सांग. अर्धा तास बोललो तरी दोघांचाही गोंधळच झाला, म्हणून आता सगळं एकदाच लिहून काढतो, अजून कुणी याच विचारात असेल तर त्यालाही उपयोग होईल.

आधी मॉडेल राहू दे बाजूला, शेण मोजा. खरंच मोजा, घमेलं काट्यावर ठेवून, निदान चार दिवस. एक घनमीटर गॅसला रोज साधारण २५ किलो शेण लागतं. चार-पाच माणसांच्या घराला दोन घनमीटर पुरतो, म्हणजे रोज ५० किलो शेण आणि तेवढंच पाणी. एक घनमीटर गॅस म्हणजे सिलिंडरमधला साडेचारशे ग्रॅम गॅस धरा ढोबळमानानं. जनावरं चरायला जात असतील तर निम्मं शेण रानातच राहतं, ते हिशोबात धरू नका. आमच्याकडं हेच झालं, विक्रेता म्हणाला पुढं जनावरं वाढतील, चार घनमीटरचा बसवा, जनावरं वाढली तर नाहीतच उलट एक विकली, आता गॅस होतो शेणाएवढाच आणि घुमट एवढा मोठा की प्रेशरच धरत नाही. आणि पाण्याचं पण बघा, एप्रिल-मेमध्ये टँकरवर असणाऱ्या गावात रोज ५० लिटर शेणात ओतायला घरातलं कोण तयार होणार?

आता तिन्ही प्रकार.

ड्रमवाला म्हणजे खादी कमिशनचा जुना, विटांच्या विहिरीवर लोखंडी ड्रम तरंगतो. गॅस भरला की ड्रम वर येतो, वापरला की खाली जातो, त्यामुळं किती शिल्लक आहे ते ओट्यावरून खिडकीतून दिसतं आणि ड्रमच्या वजनामुळं प्रेशर कायम सारखं. वापरायला मला तरी हाच सगळ्यात आवडतो. पण लोखंड महाग आणि गंजतं, वडील दर उन्हाळ्यात ड्रम खरवडून रंगवायचे, एका वर्षी राहून गेलं तर पुढच्या पावसाळ्यात कडेला भोक. हे कोण करणार नसेल तर पुढं वाचा.

घुमटवाला म्हणजे दीनबंधू, १९८४ पासूनचा. सगळा जमिनीत, विटांचा, हलणारा एकही भाग नाही, नीट बांधला तर वीस वर्षं बघायला नको, वरची जागा पण मोकळी राहते. यातली मेख अशी की सगळं गवंड्यावर आहे. साधं घर बांधणारा गवंडी चालत नाही, आतलं प्लास्टर थरावर थर आणि बिनचिरेचं पाहिजे, केसाएवढी चीर राहिली तरी गॅस निघून जातो आणि नंतर ती सापडत नाही. दुसरं म्हणजे जमीन. मुरूम असेल तर डोळे झाकून हाच बांधा, पण भारी काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यात घुमट तडकण्याची भीती असते. प्रेशर कमीजास्त होतं, सकाळी ज्योत दणक्यात आणि भाकरी संपत आल्या की मंद, पण बायकांना त्याची सवय होते.

बॅगवाला म्हणजे नवीन, जाड प्लास्टिकची लांबट पिशवी, उथळ खड्ड्यात ठेवायची. एका दिवसात बसतो, गवंडी नको, काळ्या जमिनीत चालतो, घर बदललं तर उचलून नेता येतो. उन्हानं लवकर तापतो म्हणून गॅस पण बरा होतो, कारण आतल्या जिवाणूंना ३५ डिग्रीच्या आसपास मानवतं. पण थंडीत रात्री तेवढाच लवकर गार पण होतो. प्रेशर कमी असतं, वर वजन नाहीतर पट्टे लावावे लागतात. कुंपण आणि वर सावली केल्याशिवाय बसवू नका, शेळी चढली किंवा उंदरानं कुरतडलं की संपलं. विटांच्या कामाएवढं आयुष्य याला नाही, तेव्हा वॉरंटी कागदावर घ्या, तोंडी नको.

कुठलाही घ्या, पहिल्यांदा भरायलाच दोन घनमीटरला दोन टनाच्या आसपास शेण लागतं, कारण आपल्याकडं माल आत चाळीस दिवस राहावा लागतो आणि रोजचे १०० लिटर गुणिले ४० म्हणजे ४००० लिटर, त्यातलं निम्मं शेण. शेजाऱ्यापाजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा. फिनाईल टाकून धुतलेल्या गोठ्याचं पाणी किंवा साबणाचं पाणी आत अजिबात सोडू नका, जिवाणू मरतात. ज्योत फडफडायला लागली की लोक प्लँटला शिव्या देतात, पण बहुतेक वेळा पाइपात पाणी साठलेलं असतं, पाइपाला उतार द्या आणि खालच्या टोकाला पाणी काढायची तोटी.

शहरात राहणाऱ्या बहिणीनं विचारलं, आमच्या ओल्या कचऱ्याचं काय? तिच्यासाठी पुण्याच्या आरती (ARTI) या संस्थेचा छोटा प्लँट आहे, तिथल्या डॉ. आनंद कर्व्यांनी काढलेला, प्लास्टिकच्या दोन टाक्या एकात एक उलटी. २००६ ला त्याला ब्रिटनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. शेण म्हणजे जनावरानं आधीच पचवलेला माल, शिळा भात-पोळी तसा नसतो, म्हणून किलोमागं गॅस कितीतरी जास्त आणि लवकर. पण एका दिवशी पाहुण्यांचं उरलेलं सगळं ओतलं की आत आंबतं, आम्ल वाढतं आणि गॅस बंद, मग आठ-दहा दिवस काही न टाकता बसायचं. रोज थोडं टाकणारं माणूस घरात असेल तरच घे म्हटलं तिला.

बाहेर येणारी स्लरी, म्हणजे गॅस निघून गेल्यावर उरलेला पातळ माल, मात्र सगळ्यात सारखीच, आणि खरं सांगायचं तर गॅसपेक्षा मला खत म्हणून तीच महत्त्वाची वाटते, नत्र तिच्यात शाबूत असतं.

अनुदानासाठी पंचायत समितीच्या कृषी विभागात जाऊन या, खड्डा खणायच्या आधी.

मामेभावाचं मोजून झालं परवा, चार दिवसांची सरासरी ३४ किलो. निघाला होता चार घनमीटरचा आणायला.