लुकलुकणारा मॉनिटर: आल्ट मोडचा डॉक की डिस्प्लेलिंकचा?

लातूर-नांदेडकडे घरून काम करणाऱ्यांची नेहमीची तक्रार म्हणजे डॉकला (एकाच वायरीने लॅपटॉपला मॉनिटर, कीबोर्ड वगैरे जोडणाऱ्या डबीला) जोडलेली स्क्रीन मधेच काळी पडते. आधी डॉक आल्ट मोडच्या जातीचा की डिस्प्लेलिंकच्या ते बघा, कारण दोघांची दुखणी वेगळी आहेत.

आल्ट मोडच्या डॉकमध्ये लॅपटॉपच्या ग्राफिक्सचा सिग्नल टाइप-सी वायरीतून थेट जातो. वेगळा ड्रायव्हर (उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) लागत नाही, माउस अडखळत नाही. पण वायरीतल्या चार वेगवान लेनपैकी (सिग्नलच्या वाटांपैकी) दोन बऱ्याचदा यूएसबी डेटा घेतो. उरलेल्या दोनांत, एचबीआर२ या व्हिडिओ सिग्नलच्या जुन्या वेगावर, ४के चित्र फक्त ३० हर्ट्झला (सेकंदाला ३० वेळा) मावतं. म्हणून डिस्प्ले सेटिंग्जमध्ये ६० हर्ट्झचं ३० करून बघा. लुकलुक थांबली तर संशय वायरीवर किंवा बँडविड्थवर (वायरीतून मावणाऱ्या डेटावर). नवा डॉक घेण्याआधी चांगली, आखूड वायर लावून बघाच, एवढं माझं कळकळीचं सांगणं आहे. मोबाइलच्या चार्जरसोबतची वायर नको. तिच्यात बहुधा व्हिडिओच्या ताराच नसतात.

डिस्प्लेलिंकमध्ये चित्र प्रोसेसर कॉम्प्रेस करतो, यूएसबीने पाठवतो आणि डॉकमधली चिप ते उलगडते. इथे आधी ड्रायव्हर अपडेट करा. एम१ चिपच्या मॅकबुक एअरला (अ‍ॅपलच्या लॅपटॉपला) दोन बाहेरचे मॉनिटर हवेत, तर हा मार्ग कामी येतो. एरवी मी आल्ट मोडच घेईन.

आणि हो, लाइट जाऊन इन्व्हर्टर सुरू होतो नेमकी त्याच क्षणी स्क्रीन जात असेल, तर डॉक बदलू नका. डॉक आणि मॉनिटर दोन्ही यूपीएसवर घ्या.