एका टन कार्बनला किती पैसे धरायचे? अमेरिकी रीत आणि ब्रिटिश रीत

प्रकल्पाचा खर्च-लाभ मांडताना कार्बनचा रकाना कोरा सोडला, की त्याची किंमत शून्य धरली जाते. म्हणून काहीतरी आकडा घालावाच लागतो, आणि तो काढायच्या मुख्य रीती दोन.

अमेरिकी रीत नुकसान मोजते. आज हवेत गेलेल्या एका टन कार्बन डायऑक्साइडमुळे पुढे पिकं, आरोग्य, किनारे यांचं किती नुकसान होईल, ते आजच्या पैशांत आणायचं. सगळी मेख आहे डिस्काउंट रेटमध्ये, म्हणजे पुढच्या पैशांची आजची किंमत काढताना वर्षाला किती टक्के कापायचे त्यात. शंभर वर्षांनी होणारं एक लाखाचं नुकसान ७ टक्क्यांनी आज फक्त ११५ रुपये भरतं, ३ टक्क्यांनी ५,२०० आणि २ टक्क्यांनी १३,८००. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत टनाचा दर १ ते ७ डॉलरवर घसरला तो ७ टक्क्यांपर्यंतचा डिस्काउंट रेट धरल्यामुळे, शिवाय नुकसानही फक्त अमेरिकेतलंच धरलं होतं. बायडन सरकारने २०२१ मध्ये ५१ डॉलर धरले, तर २०२३ मध्ये तिथल्या पर्यावरण संस्थेने २ टक्क्यांनी १९०. सरकार बदललं की आकडा बदलतो, ही या रीतीची खरी दुखरी बाजू.

ब्रिटनने २००९ मध्ये नुकसानीचा हिशेब सोडला. कायद्याने ठरलेलं उद्दिष्ट गाठताना शेवटचा टन कमी करायला जो खर्च येईल, तोच तिथे दर. २०२१ च्या सुधारणेत २०२० सालासाठी तो २४१ पौंड ठरला. रीत जास्त स्थिर आहे, पण तिला उत्सर्जनाची पक्की कमाल मर्यादा लागते.

भारताकडे ती नाही. आपलं २०३० चं उद्दिष्ट जीडीपीच्या प्रमाणात उत्सर्जन २००५ पेक्षा ४५ टक्क्यांनी घटवण्याचं. एकूण उत्सर्जन त्यात वाढूही शकतं. त्यामुळे इथल्या प्रकल्पासाठी मी नुकसानीचीच रीत घेईन, आणि नुकसान साऱ्या जगाचं धरेन. प्रत्येक देशाने आपल्यापुरतंच मोजलं, तर उरलेलं कुणाच्याच वहीत येत नाही.

कोळशाच्या विजेत युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. डॉलर ८५ रुपये धरला, तर ५१ च्या दराने युनिटमागे सुमारे ४ रुपये, १९० च्या दराने १६. हा कर नव्हे, बिलात येत नाही. पण सौर की कोळसा, हे ठरवताना तक्त्यात दिसायलाच हवा. हिशेब २ आणि ३ टक्के अशा दोन्ही दरांनी करा. निकाल उलटत असेल, तर दोन्ही तक्ते मंजुरी देणाऱ्यांपुढे ठेवा.