कळलावी की रानहळद : परसातल्या एका कुंडीसाठी

जांबोटी, कणकुंबी आणि चोर्ल्याच्या बाजूला पावसाळ्यात हिंडणाऱ्यांना कळलावी आणि रानहळद या दोन्ही वनस्पती पाहून माहीत असतात. बेळगावातल्या माझ्या परसात मात्र एकाच कुंडीची जागा होती, त्यामुळे दोन्ही लावून पाहिल्यावर एकीला निरोप द्यावा लागला.

फुललेली कळलावी ओळखण्यात चूक होणे कठीण आहे. मागे वळलेल्या नागमोडी पाकळ्या आधी हिरवट-पिवळ्या असतात आणि दिवसागणिक लालभडक होत जातात. आमचे कन्नड शेजारी तिला अग्निशिखे म्हणतात, ते मला आपल्या नावापेक्षा अधिक समर्पक वाटते. फूल नसेल तर पानाचे टोक पाहावे, ते लांबून, आधाराला धरणाऱ्या तणाव्यासारखे वळलेले असते. रानहळदीची पाने मात्र घरच्या हळदीशेजारी भल्याभल्यांना चकवतात. तिचे कणीस येईपर्यंत थांबावे : खाली पिवळी फुले आणि माथ्यावर जांभळट-गुलाबी छदे, म्हणजे पानासारखी रंगीत दले. हे कणीस कधी पानांच्या आधी थेट जमिनीतून वर येते, तर कधी पुढे पानांच्या मधून.

सौंदर्यात कळलावी सरस आहे, याबद्दल माझा वाद नाही. अडचण त्या तणाव्यांची झाली. मी काठी रोवून दिली, तरी वेलीने शेजारची तगरच धरली, आणि ती सोडवताना कोवळे खोड काडकन मोडले. गड्ड्यातून त्या साली दुसरा कोंब आला नाही. पुढच्या वर्षी कुंडी बदलताना नांगराच्या फाळासारख्या दुभंगलेल्या गड्ड्याचे टोक हातात आले. कोंब नेमका त्या टोकाशीच असतो, त्यामुळे तेही वर्ष गेले. माझा हात जड असेल, हे मान्य आहे. शिवाय ही वनस्पती सर्वांगाने विषारी असून तिचा गड्डा रताळे समजून खाल्ल्याने विषबाधा होते. आमच्या घरात लहान मुले नसल्याने मी हा मुद्दा मागे ठेवला, वाचकांनी तो पुढे घ्यावा.

रानहळदीचा दोष एवढाच की तिचे कणीस पानांत दडते आणि पाहुण्यांना बोट दाखवून सांगावे लागते. एरवी तांबड्या मातीत पालापाचोळ्याचे खत मिसळले की तिची फारशी मागणी नसते. दिवाळीच्या सुमारास पाने वाळू लागली की पाणी बंद करून कुंडी कोरड्या जागी सरकवावी, नाहीतर गड्डा कुजतो. वळवाचा पाऊस पडून गेला की कोंब आपोआप वर येतो. माझा गड्डा खानापूरकडच्या एका नातलगांच्या बांधावरचा आहे. रानातून खणून आणण्यापेक्षा रोपवाटिकेत विचारणे केव्हाही बरे.

ज्यांच्या कुंपणाला तारेची जाळी आहे आणि जवळपास दुसरे झाड नाही, त्यांनी कळलावी अवश्य लावावी. तिला तिथे कोणी सोडवायला जाणार नाही. माझ्याकडे तशी जागा नाही, म्हणून तगरीशेजारची कुंडी यंदाही रानहळदीकडेच आहे.