हार्बर फ्रेटमधली स्वस्त अवजारे: काय घ्यावे, काय टाळावे

अमेरिकेत स्वतःचे घर आणि वापरलेली गाडी एकदमच पदरात पडली की, पुण्या-ठाण्यात ज्या कामांसाठी आपण सुतार, प्लंबर किंवा नाक्यावरचा मेकॅनिक बोलावला असता ती कामे हळूहळू आपल्याच अंगावर येतात, कारण इथे सुट्या भागापेक्षा मजुरी महाग असते. पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड पन्नास-साठ डॉलरला मिळतात, पण ते बसवून देण्यासाठी गॅरेजवाला सहज दोन-तीनशे डॉलर घेतो. अशा वेळी कोणीतरी हार्बर फ्रेट या स्वस्त अवजारांच्या दुकानाचे नाव सुचवतो आणि लगेच दुसरा कोणीतरी नाक मुरडतो. ‘स्वस्त ते टाकाऊ’ हे सरसकट म्हणणे या दुकानाच्या बाबतीत टिकत नाही आणि ‘सगळेच घ्या’ हेही टिकत नाही. तिथली वस्तू हातात घेतल्यावर मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: हे अवजार ऐन कामात मोडले, तर नुकसान किती होईल?

हे दुकान स्वस्त का आहे ते आधी पाहू. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियात ॲलन स्मिट आणि त्यांचा मुलगा एरिक यांनी टपालाने अवजारे विकण्याचा व्यवसाय सुरू केला आणि आज या कंपनीची देशभरात दीड हजारांहून अधिक दुकाने आहेत. माल थेट कारखान्यांकडून, मुख्यतः चीन आणि तैवानमधून, घेऊन तो स्वतःच्याच नावांनी विकायचा ही तिची पद्धत आहे. पिट्सबर्ग, क्विन, आयकॉन, बाउअर, हर्क्युलिस ही सगळी नावे त्याच एका दुकानाची आहेत. हातअवजारांत पिट्सबर्ग सर्वांत स्वस्त, क्विन मधले आणि आयकॉन सर्वांत महाग. आयकॉनच्या मांडणीशेजारी नामांकित कंपन्यांच्या किमतींशी तुलना करणाऱ्या पाट्या लावलेल्या असतात. त्या पाहून हात सैल सुटतो. पण घरगुती वापरासाठी आयकॉनपर्यंत जाण्याची गरज क्वचितच पडते, असे माझे मत आहे.

डोळे झाकून घ्यावी अशी पहिली वस्तू म्हणजे पिट्सबर्गचा अर्ध्या इंची टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोराने नट आवळण्याचा पाना. चाकाचे नट अंदाजाने आवळणारे दोन प्रकारचे लोक असतात. काहींचे नट सैल राहतात, तर काही पान्यावर उभे राहून ते इतके आवळतात की, पुढे रस्त्यात टायर बदलताना गाडीतल्या छोट्या पान्याने ते हलतही नाहीत. होंडाच्या अनेक मोटारींच्या चाकांच्या नटांसाठी ८० फूट-पाउंड टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, सांगितलेला असतो. मूठ फिरवून मायक्रोमीटर वाचतो तसे दांड्यावरचा आणि मुठीवरचा आकडा मिळून ८० करायचे, तळाची चकती घट्ट करायची आणि नट सावकाश, समोरासमोरच्या क्रमाने आवळत जायचे. ठरलेला जोर आला की दांड्यात ‘कट्’ असा आवाज होतो, हाताला किंचित झोल जाणवतो आणि तिथेच थांबायचे. कंपनी या रेंचची अचूकता अधिक-उणे ४ टक्के सांगते, म्हणजे ८० च्या जागी साधारण ७७ ते ८३. चाकांसाठी एवढा फरक चालतो. इंजिनाचे हेड बोल्ट आवळायचे असतील तर मात्र तपासून प्रमाणित केलेला रेंच वापरावा. काम झाले की आकडा सर्वांत खाली आणून ठेवावा, नाहीतर आतली स्प्रिंग ताणाखाली राहून माप हळूहळू बिघडते. नट सोडवण्यासाठी या रेंचला हात लावू नये. त्यासाठी लांब दांड्याचा साधा ब्रेकर बार वेगळा मिळतो आणि तोही इथेच स्वस्त आहे.

गोटी पान्यांच्या, म्हणजे सॉकेटच्या बाबतीत थोडे पारखून घ्यावे लागते. चकचकीत दिसणारी सॉकेट बहुधा क्रोम-व्हॅनेडियम पोलादाची असतात आणि ती हातानेच वापरायची असतात. इम्पॅक्ट रेंचच्या, म्हणजे धडके देत नट फिरवणाऱ्या यंत्राच्या, धडाक्याखाली ती तडकू शकतात आणि त्यांचे तुकडे उडतात. इम्पॅक्टसाठीची सॉकेट काळ्या रंगाची, जाड भिंतीची आणि बहुधा क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाची असतात. पिट्सबर्गचा खोल इम्पॅक्ट सॉकेटचा मिलिमीटरमधला संच ही मला या दुकानातली सर्वांत फायद्याची खरेदी वाटते. सहा कोनांचाच संच घ्यावा, कारण बर्फाळ राज्यांत रस्त्यांवर टाकलेल्या मिठामुळे गंजलेल्या बोल्टचे कोने बारा कोनांच्या सॉकेटने पटकन गोल होतात, तर सहा कोनांचे सॉकेट बोल्टच्या सपाट बाजूंना धरते. जपानी गाड्यांना मिलिमीटर लागतात, घरातल्या बऱ्याच जुन्या वस्तूंना इंच लागतात, त्यामुळे शेवटी दोन्ही संच घ्यावे लागतात. दहा मिलिमीटरचे सॉकेट हरवतेच, तेव्हा ते जास्तीचे घेऊन ठेवावे.

क्लॅम्प, रबरी हातोडी, ताडपत्री, सामान हलवायची चाकांची फळी यांबद्दल फार विचार करू नये; ती घ्यावीत. यू. एस. जनरल या नावाने मिळणारी खणांची लोखंडी ट्रॉलीही घेण्याजोगी आहे. तिचे खण बॉल बेअरिंगच्या पट्ट्यांवर सरकतात आणि व्यवसायाने मेकॅनिक असलेले लोकही ती वापरताना दिसतात. पक्कड आणि स्क्रू-ड्रायव्हर मात्र मी भारतातून येताना नाशिकच्या तापारियाचेच आणतो. यात दुकानाचा दोष नाही, सवयीचा आहे.

विजेच्या अवजारांपाशी माझा उत्साह कमी होतो. बहुतेक हातअवजारांना आजन्म हमी आहे, पण विजेवर चालणाऱ्या अनेक वस्तूंना ती ९० दिवसांचीच असते. वर्षातून दोन-चारदा लागणारा अँगल ग्राइंडर किंवा सँडर वायरवाला घ्यावा. तो पैसे वसूल करतो. बॅटरीच्या अवजारात मात्र आपण ड्रिलबरोबर एक बॅटरीचे कुटुंबही घरी आणतो. बाउअरची बॅटरी हर्क्युलिसला बसत नाही, आणि पुढच्या प्रत्येक खरेदीत आपण त्याच नावाशी बांधले जातो. ज्याच्याकडे आधीच दुसऱ्या कंपनीच्या बॅटऱ्या आहेत त्याने केवळ किमतीला भुलून इथे वळू नये. कुठल्याही दुकानातल्या स्वस्त, सोनेरी मुलाम्याच्या ड्रिल बिटांबद्दलही तेच म्हणेन. तो मुलामा टायटॅनियम नायट्राइडचा असतो, पण आतले पोलाद हलके असले तर लाकडात धावणारे बिट पोलादी पट्टीत लगेच बोथट होते.

आता ज्या वस्तूबाबत तडजोड करू नये त्या वस्तूबद्दल. गाडी उचलून तिच्याखाली शिरायचे असेल तर ती जॅक स्टँडवर, म्हणजे उंची बदलता येणाऱ्या लोखंडी आधारांवर, टेकवावी लागते आणि २०२० मध्ये हार्बर फ्रेटला पिट्सबर्ग नावाचे तीन आणि सहा टनी जॅक स्टँड परत मागवावे लागले होते. कारखान्यातले साचे झिजल्यामुळे काही स्टँडमध्ये मधल्या खांबाचे दाते खिट्टीत पुरेसे खोल बसत नव्हते आणि भार हलला तर खांब अचानक खाली येऊ शकत होता. असे सतरा लाखांच्या आसपास स्टँड विकले गेले होते. त्यानंतर त्यांच्या जागी आणलेल्या तीन टनी स्टँडपैकी काहींच्या जोडकामात दोष निघाला आणि तेही परत मागवले गेले. कंपनीने पैसे परत दिले, पण कोणाकडून वापरलेले स्टँड घेत असाल किंवा गराजच्या कोपऱ्यात जुने पडलेले असतील, तर त्यांवरचा मॉडेल क्रमांक आधी पाहावा. नवे घेताना दात्यांखेरीज आडवी पिनही घालता येते असेच घ्यावेत, मग ते कोणत्याही दुकानाचे असोत. जॅक, म्हणजे उचलणारे यंत्र, याच दुकानातले घ्यायला माझी हरकत नाही. मात्र केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये आणि काढलेले चाक गाडीखाली आडवे सरकवून ठेवावे.

आजन्म हमीचे हातअवजार मोडले तर ते तसेच उचलून दुकानात न्यावे. हमीखाली बदलून मिळते. गल्ल्यावर पैसे देताना वाढीव हमी घेण्याबद्दल विचारतात. ती वायरवाल्या किंवा इंजिनवाल्या यंत्रासाठी विचारात घ्यावी, आजन्म हमी असलेल्या सॉकेटसाठी तिची काहीच गरज नसते. पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीसारखी घासाघीस इथे चालत नाही, पण कूपने आणि सणासुदीच्या सवलती वारंवार येत असतात, तेव्हा टॉर्क रेंच आणि सॉकेट आजच लागत नसतील तर पुढच्या सवलतीपर्यंत थांबायला हरकत नाही.